तीस सप्टेंबरचा पट



शाळेत मास्तर कमी आहेत ही तक्रार तुम्ही पारावर करता, आठवडी बाजारात भेट झाली तर तिथंही करता, आणि फारच झालं तर शाळेला कुलूप ठोकता किंवा लेकरांना घेऊन थेट पंचायत समितीच्या आवारात शाळा भरवता. तक्रार खरी आहे. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे, दोन-तीन वर्ग एकाच वेळी सांभाळायचं काम मला रोजचं आहे. पण एका शाळेला शिक्षक किती मिळणार हे कशावरून ठरतं आणि कोणत्या तारखेला ठरतं, हे तुम्हाला समोर बसवून कुणी सांगितलेलं नाही. त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे, म्हणून आज तेवढंच बोलायचं आहे.

आमच्या भाषेत याला संचमान्यता म्हणतात. शाळेच्या पटावर किती लेकरं आहेत ते बघायचं आणि त्यावरून शिक्षकांची पदं मंजूर करायची. याचा पाया २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. पहिली ते पाचवीला ६० लेकरांपर्यंत दोन शिक्षक. ६१ झाली की तिसरा, ९१ ला चौथा, १२१ ला पाचवा. दीडशेच्या पुढं गेलं की वेगळा मुख्याध्यापक. वर्ग किती आहेत याला या हिशोबात जागा नाही. पाच वर्ग असोत की चार, ६० च्या आत असाल तर दोनच माणसं.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं हे निकष आणखी आवळले. हातचं पद गेलं तर ते नव्यानं मिळवायला आधीपेक्षा जास्त पट दाखवावा लागतो. सहावी ते आठवीला २० च्या आत पट असेल तर तिथं शिक्षकाचं पदच मिळत नाही. छोट्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमायचं त्याच वर्षी ठरलं, तेव्हा २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरचे प्राथमिक शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले. त्या दिवशी तुमच्यातले काहीजण म्हणाले, मास्तरांना पगार वाढवून पाहिजे असेल. तसं नव्हतं. वाडी-तांड्यावरच्या शाळेत कायमचा माणूस राहणार की नाही, हा प्रश्न होता.

आता एक शाळा डोळ्यांसमोर आणा. नाव नको, कारण अशा शाळा आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत आहेत. पहिली ते पाचवी, पट ६३, शिक्षक तीन. जूनमध्ये गावात पिवळी व्हॅन यायला लागली. दोन घरांनी पोरं इंग्रजी शाळेत घातली. त्यांचं बघून तिसऱ्यानं घातलं. एका पोरीला मामानं शिकायला परभणीला नेलं. पट आला ५९ वर. गावाला वाटलं, चार लेकरं गेली. गेला तो तिसरा शिक्षक. तो अतिरिक्त ठरला, त्याचं दुसऱ्या शाळेवर समायोजन झालं, आणि मागं राहिलेल्या ५९ जणांना दोनच माणसं उरली. पुढच्या वर्षी गाव म्हणतं, बघा, शिक्षकच नाहीत, कशाला ठेवायची लेकरं इथं? आणखी पाच जण जातात. असा उतार एकदा लागला की तो थांबवणं फार कठीण.

मी व्हॅनवाल्या आईबापांना दोष देत नाही. आपलं लेकरू पुढं जावं असं वाटणं यात चूक काय? पण हा निर्णय एका घराचा राहत नाही. तो शेजारच्या लेकराच्या वर्गापर्यंत पोचतो, आणि ते शेजाऱ्याला कळतही नाही.

दोन शिक्षकांची शाळा आतून कशी चालते तेही सांगते. एकाकडं पहिली-दुसरी, दुसऱ्याकडं तिसरी, चौथी, पाचवी. फळ्याचे खडूनं तीन भाग केलेले. पाचवीला अपूर्णांकांच्या बेरजा लिहून दिल्या, चौथीला परिसर अभ्यासाचा पाठ मनात वाचायला सांगितला आणि तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवायला घेतली. दहा मिनिटांत पाचवीतला हात वर येतो. ‘‘मॅडम, खालचे आकडे येगळे हायेत, आता?’’ त्याला थांब म्हणावं लागतं, कारण तिसरीचा दशक फोडायचा नेमका क्षण आलेला असतो. मग जाऊन बघावं तर त्यानं वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवलेले असतात. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. उत्तर तर अर्ध्याहूनही कमी आलं, हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं. हुशार पोरगा आहे, अडला तेव्हा कुणी जवळ असतं तर एका भाकरीचे तुकडे करून कळलं असतं. आता त्याच चुकीनं त्यानं पाच बेरजा केल्या आहेत आणि ती पाच वेळा पक्की झाली आहे.

त्यातच दुसऱ्या गुरुजींना केंद्रावर प्रशिक्षण असतं किंवा मतदार यादीचं काम असतं. मग पाचही वर्ग एका खोलीत. त्या दिवशी शिकवणं होत नाही, लेकरं सांभाळली जातात. कायद्याच्या २७ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढं सोडून शिक्षकांना दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. तरी माहित्या भरणं, फोटो चढवणं, सर्वेक्षणं, खिचडीचा रोजचा हिशोब हे चालूच असतं. तीन शिक्षकांच्या शाळेत एकजण यात गुंतला तर दोघं उरतात. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जातो म्हणजे निम्मी शाळा जाते.

आता तारखेचं बोलू. मोजणी होते ती ३० सप्टेंबरच्या पटावर. त्यातही आता आधार व्हॅलिड असलेलीच लेकरं धरली जातात. शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘पूजा’ आणि आधारवर ‘पुजा’, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, वडिलांच्या नावात एक अक्षर कमी, एवढ्यावरून लेकरू इनव्हॅलिड दाखवतं. आधार नाही म्हणून कुणी त्याला वर्गाबाहेर काढत नाही. ते येतं, बसतं, शिकतं, दुपारी खिचडी खातं. फक्त शिक्षक मोजताना ते कुठंच दिसत नाही. ६३ पैकी अशी तीन निघाली तर तिसरं पद धोक्यात. एकही पोर गाव सोडून गेलेलं नसतं तरीही.

ही सक्ती का आली, तेही ऐका, कारण त्याचा धागा आपल्या शेजारच्या नांदेडला जाऊन मिळतो. २०११ मध्ये तिथं श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना शाळांची अचानक पटपडताळणी झाली आणि कागदावर असलेली कितीतरी लेकरं प्रत्यक्षात नव्हतीच असं निघालं. मग ३, ४ आणि ५ ऑक्टोबर २०११ ला साऱ्या राज्यात एकाच वेळी पडताळणी झाली. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली होती. तुमच्यातले काही तरुण आईबाप तेव्हा वर्गात बसलेले असतील, त्यांना आठवत असेल. लाखो नावं खोटी निघाली. त्या नावांवर शिक्षकांचे पगार, पोषण आहार, अनुदान सगळं उचललं गेलं होतं. ज्यांनी ते केलं त्यांनी खऱ्या लेकरांचा घास पळवला, आणि त्यांच्यामुळं आज प्रत्येक लेकराला आपण खरे आहोत हे अंगठा देऊन सिद्ध करावं लागतं. मोजणी काटेकोर हवीच. पण एका उकारापायी सहा वर्षांची पोर हिशोबातून गळावी, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

पटावर कोण आहे हेही आपण जरा मोकळेपणानं बोलू या. गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळेतून आधी बागायतदाराची पोरं गेली, मग नोकरदाराची, मग दुकानदाराची. सगळी नाही गेली. अजूनही काही जाणती घरं हट्टानं लेकरं आपल्याच शाळेत ठेवतात आणि त्यांचे उपकार मी मानते. पण राहिली ती बहुतेक मजुरांची लेकरं, तांड्यावरची, कळमनुरी-औंढ्याच्या डोंगरपट्ट्यातली आंध आदिवासींची, बौद्ध वस्तीतली. ज्यांच्या आईबापांना साहेबासमोर उभं राहून बोलायची सवय नाही, त्यांची. आवाज असलेली माणसं शाळेतून गेली की शाळेचा आवाजही बसतो. पद रिकामं राहिलं तर पाठपुरावा करायला मागं कुणी राहत नाही.

आणि राहिल्या पोरी. एकाच घरातला पोरगा व्हॅनमधून जातो आणि त्याची बहीण जिल्हा परिषदेत येते. हे मी वर्गात बघते तेव्हा जीव तुटतो. आपली शाळा पोरीला चालते याचा मला आनंदच आहे, पण कोणत्या विचारानं ती इथं ठेवली गेली, ते तिलाही कळतं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला फार कळतं, बाबा.

तांड्यावरून येणारं लेकरू घरी आईला याडी म्हणतं, गोरबोली बोलतं. पहिलीत त्याच्यासमोर एकदम पुस्तकी मराठी येते. त्याच्याशी दोन शब्द त्याच्या बोलीत बोलून मग मराठीकडं आणायचं, तर शिक्षकाला त्याच्यापाशी बसायला वेळ लागतो. शहरात आणि मोठ्या गावांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, तिथं तर त्या माध्यमाचा शिक्षक नसेल तर दुसरा पाठवूनही उपयोग नाही. म्हणून पट मोजताना सगळी लेकरं सारखीच धरली जातात, तेव्हा खरं तर गरजू लेकरांवर अन्यायच होतो. शिकलेल्या घरांतली ६० लेकरं आणि शिकणाऱ्या पहिल्या पिढीची ६० लेकरं यांना शिक्षक सारखेच लागतील, असं कुठलाही अनुभवी गुरुजी म्हणणार नाही.

दिवाळीनंतर काय होतं ते तुम्हालाच जास्त ठाऊक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळी कारखान्याला निघते. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात, कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्या-मुंबईला बिगारी कामाला. ३० सप्टेंबरला पटावर असलेली लेकरं नोव्हेंबरात हजेरीत नसतात. जी थांबतात, त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद बोलावते. काढणी, शिजवणं, वाळवणं. घरात सगळे हात लागतात, आणि नेमकी तीच वर्षाअखेरची उजळणीची वेळ असते. थोरल्या पोरीला धाकट्याला सांभाळायला आखाड्यावर ठेवलं जातं. पट कायम राहतो, शिकणं तुटतं. एप्रिलमध्ये परत आलेलं पोर वर्गात बसतं तेव्हा दिवाळीपर्यंत वाचत होतं ते आता अडखळतं. ज्या लेकराला वाचता येत नाही, ते सातवी-आठवीच्या आत शाळेतून गळतं, आणि मग पटही घसरतो.

पोटासाठी जाऊ नका असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण लेकरू ठेवून जायची सोय सरकारी योजनेत आहे. हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला. लेकरं गावातच राहतात, आजी-आजोबांकडं झोपतात, जेवणाची सोय होते, शाळा चुकत नाही. यादी आणि ठराव टोळी निघायच्या आधी गेला तर ते वेळेत सुरू होतं; टोळी गेल्यावर कागद हलले तर ते सुरू होईपर्यंत लेकरू बैलगाडीत बसून गेलेलं असतं. म्हणून दसऱ्यालाच शाळेत येऊन सांगा, आम्ही अमुक तारखेला जाणार, आमची ही दोन लेकरं ठेवायची आहेत. न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत लेकराला बसवता येतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून कोणतीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हेही कायद्यातच आहे. तिथल्या गुरुजींनी कां-कूं केलं तर आम्हाला फोन लावून द्या.

लेकरू शिकत राहिलं तर कुठवर जाऊ शकतं, तेही बघा. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभी राहते आहे. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी, जगात मोजक्याच ठिकाणी असलेली यंत्रणा. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. देशोदेशीचे शास्त्रज्ञ या माळावर येतील. मला फार वाटतं की त्या फाटकातून आत जाणाऱ्यांत औंढ्याची, सेनगावची, कळमनुरीची लेकरं असावीत, आणि ती पहारेकरी म्हणूनच नकोत. त्याची सुरुवात सहावीत होते, जिथं कायद्यानं गणित-विज्ञानाला एक, भाषेला एक आणि सामाजिक शास्त्राला एक असे शिक्षक हवेत. सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला, तर हे तिन्ही गेले. मग पोरं मोठ्या गावाला पाठवायची, आणि पोरींच्या बाबतीत तुम्ही रस्त्याचं, एसटीचं कारण सांगून शिक्षणच थांबवता. म्हणून वरच्या वर्गांचा पट खालच्यापेक्षाही जपावा लागतो. पाचवी झाली की दाखला काढायची घाई करू नका.

आमच्या बाजूचंही तुम्ही विचारणार, आणि विचारलंच पाहिजे. काही शिक्षक हिंगोलीत किंवा नांदेडला राहून रोज ये-जा करतात, पहिला तास बुडतो, शेवटचा आधी सुटतो. हे घडतं. जिथं घडतं तिथं शाळा व्यवस्थापन समितीनं नोंद करावी, नाव घेऊन बोलावं. पण कामाच्या गुरुजींच्या पाठीशीही तेवढंच ठाम उभं राहा. लेकरं वाचायला लागली की मेहनती शिक्षकाची बदली होते आणि गाव हळहळून गप्प बसतं. निदान त्याच्या जागी माणूस येईपर्यंत त्याला कार्यमुक्त करू नये, एवढा ठराव तरी करून द्या.

वीसच्या आतल्या शाळांचं काय, असं दोन-तीन गावांतून विचारणं झालं. २०२३ मध्ये राज्यात अशा सुमारे १५ हजार शाळा होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षण आयुक्तालयानं त्या एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले. नमुने म्हणून पुण्यातली पानशेतची आणि नंदुरबारमधली तोरणमाळची शाळा दाखवली. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, हे खरंच आहे. पण आपल्याकडं पावसाळ्यात ओढा आला की तांड्यावरून गावापर्यंतही पोचता येत नाही. सहा-सात वर्षांचं लेकरू रोज गाडीत बसून जाईल, ती गाडी रोज येईल आणि तिचे पैसे दरवर्षी मिळतील, याची लेखी हमी मिळेपर्यंत वस्तीवरची शाळा सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उलटंही घडू शकतं. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडायच्या काठावर होती. तिथल्या शिक्षकांनी आणि गावानं मिळून ती अशी उभी केली की २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार तिनं मिळवला. तिथं पट वाढला तो गाव शाळेत आल्यावर.

तुमची शाळा व्यवस्थापन समिती ही शोभेची नाही. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश आईबाप असतात आणि निम्म्या बायका. अध्यक्षही पालकच. येत्या बैठकीत तीन कागद टेबलावर मागा: यंदाची संचमान्यता, शाळेचा पट आणि आधार इनव्हॅलिड लेकरांची यादी. मंजूर पदं किती, प्रत्यक्ष हजर किती, कुणी कागदावर इथं आणि प्रतिनियुक्तीवर दुसरीकडं आहे का, हे विचारा. यादीतल्या प्रत्येक घरी कुणीतरी एकानं जाऊन त्या आईला सोबत घेऊन आधार केंद्र गाठावं. हे काम जुलै-ऑगस्टमध्येच उरकावं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रावर रांगा लागलेल्या असतात आणि सर्व्हर बंद पडतो. पद मंजूर असून रिकामं असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत, असं कायद्याचं २६ वं कलम सांगतं. ते अर्जात लिहा.

आणि एक अडचण मला दरवेळी दिसते. बैठक सकाळी अकराला ठेवतात, तेव्हा निम्म्या बायका खुरपायला गेलेल्या असतात. रोज बुडवून कोण येणार? मग सह्यांचं रजिस्टर घरोघरी फिरतं आणि समितीतल्या बायकांना आपण कशावर सही केली तेही कळत नाही. बैठक संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी ठेवा असं मुख्याध्यापकांना सांगा. मी थांबेन. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी संचमान्यतेचा कागद त्यांच्याच चौथीतल्या लेकराकडून मोठ्यानं वाचून घेऊ. अडेल तिथं मी सांगेन, आणि सगळं समजल्याशिवाय कुणी सही करायची नाही.